राहिलेली ओळ: पार्किंगमधल्या एका सिनेमाचं प्रकरण

समाजकार्याच्या वर्गात प्रकरण लिहायला शिकवताना मी मुलांना पहिली अट एकच घालते. लिहिणारा स्वतः त्या प्रकरणात कुठे उभा होता, ते आधी सांगायचं. म्हणून आधी माझंच सांगते. हे प्रकरण ज्या फ्लॅट स्कीममध्ये घडलं तिच्या दुसऱ्या मजल्यावर मी राहते. सिनेमा मी निवडला. पडद्यावरच्या इंग्रजी ओळी माइकवर मराठीत मीच सांगत होते. आणि जी ओळ राहिली, ती माझ्याच तोंडून राहिली.

(नागपूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे अपार्टमेंटला 'स्कीम' म्हणतात. 'कोणत्या स्कीममध्ये राहता?' असं कुणी विचारलं तर बँकेच्या योजनेबद्दल विचारतोय असं समजू नये.)

मीटर रूम

आमची स्कीम अंबाझरी लेआउटच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तळमजल्यावर दोन फ्लॅट, उरलेल्या जागेत पार्किंग, वर चार मजले. पार्किंगच्या कोपऱ्यात एक खोली आहे. मंजूर नकाशात तिचं नाव 'मीटर रूम'. भिंतीवर सगळ्यांचे विजेचे मीटर आणि मीटरच्या खाली पलंग. तिथे चौकीदार भाऊ, त्यांची बायको आणि मुलगी असे तिघं राहतात. बायको आमचे जिने झाडते, पुसते आणि स्कीममधल्याच तीन घरची धुणीभांडी करते. मुलगी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

२२ सप्टेंबर २०२३च्या रात्री पाऊस सुरू झाला आणि चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला. १८७० साली बांधलेला अंबाझरी तलाव ओसंडला. २३च्या पहाटे नाग नदीनं आपला जुना रस्ता शोधला आणि तो रस्ता आमच्या पार्किंगमधून जातो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. गणपतीचे दिवस होते. मोरभवनच्या स्थानकात बस बुडाल्या, लष्कराला बोलवावं लागलं. तलावाच्या सांडव्यापाशी काय बांधलं आणि का बांधलं हा वाद पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. तो विषय वेगळा.

आमच्याकडे पाणी छातीपर्यंत आलं. तळमजल्यावरच्या आजोबांना पोरांनी पाठुंगळी घेऊन आमच्या घरी आणलं, ते आमच्या दिवाणावर झोपले. चौकीदाराचं कुटुंब जिन्यावर बसलं, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे, जिथे जिना वळतो तिथे. चहा मी दोघांकडेही नेऊन दिला. त्या वेळी ह्यात मला काहीच वावगं दिसलं नव्हतं.

सरकारनं पूरग्रस्त घरांना दहा हजारांची तातडीची मदत जाहीर केली. पंचनाम्याला माणूस आला, त्यानं आजोबांचा फ्लॅट लिहून घेतला. कोपऱ्यातल्या खोलीपाशी आला तेव्हा त्यानं नकाशा पाहिला आणि 'मीटर रूम' असं लिहिलं. मीटर रूमला गादी नसते, गहू नसतात, बारावीची गुणपत्रिका नसते. त्यामुळे भिजलं असं काहीच नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस सगळ्या लेआउटला एकच वास होता. गाळ, गटार, भिजलेला कापूस, गाड्यांमधून निघालेलं तेल. बंगला असो की नदीकाठची झोपडी, भिंतीवर गादी आणि नाकाला रुमाल हे सगळीकडे सारखं. ते पंधरा दिवस कुणी कुणाला हसत नव्हतं. मग वरच्यांनी, मधल्यांनी, आजोबांनीसुद्धा घरं धुतली, रंग दिला, सोफे टाकून नवे आणले. मीटर रूमला खिडकी नाही. गाळ निघाला, ओल राहिली. पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे. दोनदा रंग मारला तरी खालून मातकट उमटते.

सिनेमा का, आणि हाच का

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही पार्किंगमध्ये पडदा लावतो. २८ सप्टेंबर २०२४चा शनिवार पुराच्या वर्षदिनानंतरचा पहिलाच. मी म्हटलं, पूर असलेला सिनेमा लावू, आणि बाँग जून-हो ह्यांचा 'पॅरासाइट' (म्हणजे परजीवी) निवडला. सचिवकाकांना कोरियन सिनेमा म्हटल्यावर मारामारीचा वाटला. त्यांना सांगितलं, २०१९ साली कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळालाय, फेब्रुवारी २०२०मध्ये चार ऑस्कर, आणि इंग्रजी नसलेल्या सिनेमाला सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर पहिल्यांदाच मिळालं ते ह्याला. त्यांनी ते सगळं नोटिशीत लाल शाईनं लिहिलं. खाली मी एक ओळ जोडली: 'स्कीममध्ये काम करणाऱ्या सर्वांनी यावे.' ह्या ओळीचा मला अभिमान होता. तो किती टिकला ते पुढे येईलच.

गोष्ट अशी. सोलमध्ये अर्ध्या तळघरात चौघांचं कुटुंब राहतं, पिझ्झाचे खोके घड्या घालून पोट भरतं. मुलगा खोट्या प्रमाणपत्रावर एका श्रीमंत घरात शिकवणीला लागतो. मग तो बहिणीला आणतो, बहीण बापाला ड्रायव्हर म्हणून, बाप आईला स्वयंपाकीण म्हणून. एकमेकांना ओळखत नसल्याचं नाटक चौघंही करतात. आधीचा ड्रायव्हर आणि आधीची घर सांभाळणारी बाई, दोघांना कारस्थान करून काढलं जातं. त्या बाईचा नवरा घराच्या खालच्या गुप्त तळघरात चार वर्षं लपलेला आहे हे कुणालाच माहीत नसतं. मग पाऊस येतो.

अर्ध्या तळघराची तिकडची हकीकत मला आधी ठाऊक नव्हती. सत्तरच्या दशकात उत्तर कोरियाच्या धास्तीनं नव्या इमारतींना तळघर सक्तीचं केलं होतं, हल्ला झाला तर लपायला. तिथे भाडेकरू ठेवायला मनाई होती. पुढे शहरात घरं पुरेनात तेव्हा, ऐंशीच्या दशकात, ते कायदेशीर झालं. म्हणजे नकाशात एक नाव आणि प्रत्यक्षात माणसं.

खुर्च्या

मंडपवाल्याकडून तीस खुर्च्या आणल्या होत्या. सिनेमा सुरू झाला तेव्हा सात रिकाम्या होत्या आणि नऊ माणसं मागे स्कूटरींना टेकून उभी होती: चौकीदार भाऊ आणि त्यांची बायको, इस्त्रीवाला, दोन घरचे ड्रायव्हर, गाड्या धुणारी दोन पोरं, भांड्यांची बाई, आणि तिसऱ्या मजल्यावर व आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी. मी माइकवरून दोनदा 'बसा ना' म्हटलं. 'हाव, बसतो ना मॅडम,' असं म्हणून सगळे तिथेच. तीस खुर्च्या आणून आपण कुणाची सोय केली ते मला कळलं नाही. सतरंजी अंथरली असती तर प्रश्नच नव्हता. शेवटी चौकीदाराची मुलगी पुढे आली आणि दुसऱ्या रांगेत, मिहानमधल्या (विमानतळाजवळच्या उद्योग-वसाहतीतल्या) नोकरीवाल्या पोराच्या शेजारी, सरळ बसली.

पहिला तास सगळे एकत्र हसले. फुकटचं वायफाय शोधत पोरं संडासाच्या ओट्यावर चढून बसतात तेव्हा इस्त्रीवाला सगळ्यात मोठ्यानं हसला. खोटं प्रमाणपत्र पाहून बाप मुलीचं कौतुक करतो तिथे वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेबही खुर्चीत हलले. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया नोंदवायच्या तर त्या तासात नोंदवण्यासारखं काही नव्हतं. फसवणूक चतुर असली की फसणारा आणि फसवणारा दोघांच्याही घरचे लोक टाळ्या देतात.

हसू फाटलं ते पीचच्या प्रसंगाला. जुन्या बाईला पीचच्या लवेची ॲलर्जी असते. ती लव तिच्यावर उडवायची, ती खोकली की मालकिणीला सांगायचं की बाईला क्षय आहे. पुढच्या खुर्च्या हसत होत्या. मागून आवाज आला, 'अरे बाप रे बाप.' मावशींचा. मालकीण बाईला खरं कारण न सांगता काढून टाकते आणि बाई बोचकं घेऊन उतारावरून चालत जाते, तेव्हा मागच्या नऊंपैकी कुणीही हसत नव्हतं. ती पाठमोरी जाते ते दृश्य काही सेकंदांचंच आहे. मला ते आधी दोनदा पाहूनही आठवत नव्हतं.

ती ओळ

मधली एक गोष्ट आधी मिटवते. श्रीमंत नवराबायको रात्री दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपतात, त्यातला एक भाग मी रिमोटनं पुढे ढकलला. पहिल्या रांगेत तिघीजणींच्या सासवा होत्या. ती काटछाट सगळ्यांनाच मान्य होती, कुणी चकार शब्द काढला नाही.

पण त्याच्या आधी त्याच सोफ्यावर मालक बोलतो. टेबलाखाली ड्रायव्हर आणि त्याची दोन्ही मुलं श्वास रोखून पडलेली असतात. मालक म्हणतो की हा माणूस कधी रेषा ओलांडत नाही, पण त्याचा वास ओलांडतो, गाडीत मागच्या सीटपर्यंत येतो. कसला वास? जुन्या मुळ्याचा. नाही, फडकं उकळताना येतो तसा. मेट्रोनं जाणाऱ्या लोकांना एक खास वास असतो.

हे माझ्या डोळ्यांसमोर इंग्रजीत आलं आणि त्याच वेळी मला मागे उभी असलेली माणसं दिसली. दोन ड्रायव्हर. फडकं रोज सकाळी उकळून वाळत घालणारी चौकीदाराची बायको. मी माइकवर म्हटलं, 'गाडीत कसला तरी वास येतो, असं म्हणतोय.' आणि पुढे गेले.

दुसऱ्या रांगेतून आवाज आला. 'मॅडम, एक ओळ राहिली.'

एरवी ती मला काकू म्हणते.

मी काही बोलायच्या आत तिनंच सांगितलं, मागे वळून, आईकडे पाहत. 'उकळलेल्या फडक्याचा वास येते म्हणून राहिला तो. अन् मेट्रोनं जाणाऱ्या लोकांचा वेगळा वास असते म्हणते.' आवाजात राग नव्हता. परीक्षेत एखादा प्रश्न सुटलाय हे शेजारच्याला सांगावं तसं.

क्षणभर पंख्याचाच आवाज. मग कुणीतरी मिहानवाल्या पोराला म्हणालं, 'तू तर रोज मेट्रोनं खापरीला जातं बे, मंग तुलेच येत असन वास!' सगळे हसले. मीही सुटल्यासारखी हसले. आमच्याकडे मार्च २०१९पासून मेट्रो धावते आणि तिच्यात बसणारा म्हणजे ऑफिसला जाणारा, एसीतला, असाच समज आहे. तिथला टोमणा इथे उलटा लागला. अशा वेळी भाषांतर माणसाला वाचवतं.

पडद्यावर टेबलाखाली बाप आपल्या शर्टाचा वास घेत होता. मी मागे पाहिलं. चौकीदार भाऊंची बायको स्कूटरीच्या सीटला टेकून उभी होती. तिनं पदराचं टोक नाकाशी नेलं, एकदाच, आणि खाली सोडलं. आजूबाजूच्या कुणाला दिसलं नसावं. प्रोजेक्टरचा उजेड तेवढाच होता.

ह्याच सिनेमाच्या दिग्दर्शकानं जानेवारी २०२०मध्ये गोल्डन ग्लोब घेताना म्हटलं होतं की सबटायटलचा इंचभर उंचीचा अडसर ओलांडलात तर कितीतरी सुंदर सिनेमे भेटतील. आमच्या पार्किंगमध्ये तो अडसर मी होते. मी ओळ का गाळली? मागच्यांना लागू नये म्हणून, असं मी आठवडाभर स्वतःला सांगत होते. आता तसं वाटत नाही. ती ओळ मराठीत माझ्या आवाजात उच्चारायची मला लाज वाटली, कारण ती माझ्या तोंडात बसली असती. दया दाखवताना आपण बहुतेक वेळा स्वतःचीच लाज झाकतो. आणि सिनेमाचा विषय काय होता? दुसऱ्याला काय कळावं हे आपण ठरवायचं, त्याच्या भल्यासाठी.

दोन पूर

पुराच्या प्रसंगाबद्दल मी भलताच अंदाज बांधला होता. वाटलं, इथे सगळे एक होतील. तसं झालंही, पाच मिनिटं. मुलगी उसळत्या संडासाच्या झाकणावर बसून सिगारेट ओढते तेव्हा तळमजल्यावरचे आजोबा 'हेच, हेच' म्हणाले आणि रडले. चौकीदार भाऊ पडद्याकडे न पाहता भिंतीवरच्या रेघेकडे पाहत होते.

मग सकाळ होते. रात्रभर व्यायामशाळेच्या जमिनीवर झोपलेला बाप मालकिणीला गाडीत खरेदीला नेतो, आणि ती मागच्या सीटवरून फोनवर सांगते की पावसामुळे बरंच झालं, हवा किती स्वच्छ झाली, पार्टी बागेतच करू. बोलता बोलता ती काच खाली करते, नाकाला बोट लावते.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हसल्या. त्या वाईट बाई नाहीत, हे इथे लिहून ठेवते. पुराच्या दिवशी तीस माणसांची खिचडी त्यांनी टाकली होती आणि त्यात चौकीदाराचं ताट पहिलं होतं. त्या हसल्या कारण मालकीण खरंच बावळट दाखवली आहे. पण त्या हसण्यानंतर मागचे चार जण हळूच निघून गेले. इस्त्रीवाल्यानं जाताना सांगितलं, 'सकाळचे कपडे द्याचे आहेत.' रात्रीचे साडेनऊ झाले होते.

पूर एकच असतो असं आपल्याला वाटतं. पाणी सगळ्यांच्या घरात शिरलं हे खरं, पण उतरलं वेगवेगळ्या दिवशी. आजोबांकडून ते महिन्याभरात उतरलं. सिनेमात पाणी वरून खाली वाहतं आणि वरच्यांना कळतही नाही. दिग्दर्शकानं सगळा सिनेमा जिन्यांवर रचलाय तो त्याचसाठी. (मिहानवाल्या पोरानं नंतर ह्यावर दहा मिनिटं घेतली. तळघराची अख्खी गल्ली पाण्याच्या टाकीत सेट लावून बुडवली होती वगैरे. माहिती चोख होती, ऐकत कुणी नव्हतं.) आमच्या लेआउटमध्ये बंगलेवालाही बुडाला, त्यामुळे त्याला मनापासून वाटतं की आपणही तेच भोगलं. ही समजूत उद्दामपणातून येत नाही. ती खऱ्या दुःखातून येते, म्हणूनच ती हलवणं फार कठीण.

बांडगूळ कोण

सिनेमानंतर चहा. कागदी कप, सगळ्यांना सारखे. चर्चा नावाचा प्रकार वीसेक मिनिटं चालला.

काकूंनी सुरुवात केली. 'एवढा विश्वास टाकला घरावर, आणि आत शिरून बसले. म्हणून मी म्हणते, कागदपत्रं घ्यायलाच हवीत.' चार-पाच माना हलल्या. त्यांच्याकडून मागे एक बाई उचल घेऊन गायब झाली होती, ते सगळ्यांना माहीत होतं. सचिवकाकांचा प्रश्न असा की शेवटी परजीवी कोण, गरीब की श्रीमंत? श्रीमंतांना भांडं घासता येत नाही, गाडी चालवता येत नाही, म्हणजे तेच परजीवी, असं त्यांनी स्वतःच उत्तर दिलं आणि खूश झाले. हे उत्तर जगभर लोकांनी दिलंय. मला ते फार सोपं वाटतं, कारण ते देताना उत्तर देणाऱ्याला काहीच सोडावं लागत नाही.

कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक सर आहेत आमच्याकडे. ते म्हणाले, परजीवी म्हणण्याआधी झाड पाहा. बांडगूळ आंब्यावर वाढतं, पण त्याला स्वतःची हिरवी पानं असतात. ते झाडाचं पाणी आणि क्षार घेतं, अन्न स्वतः करतं. अमरवेलीला पानं नाहीत, ती सगळंच ओढते. आणि बांडगूळ झाडावर आपणहून चढत नाही, फळं खाणारे पक्षी बी आणून फांदीला चिकटवतात. 'तुमच्या सिनेमात कोण कुणाला चिकटवतंय ते बघा,' असं म्हणून त्यांनी चहा संपवला. संध्याकाळभरात सिनेमावर झालेलं हेच सगळ्यात नेमकं बोलणं.

मावशी कुणी विचारायची वाट न पाहता बोलल्या, पण माझ्याकडे पाहून, काकूंकडे नाही.

'त्या पयल्या बाईचं काय झालं थे कोनीच नाही बोलून राह्यलं. चार वर्सं नवऱ्याले लपवून पोसलं तिनं. काहून काढली तिले? एक डाव इचारा तर लागत होतं. डाक्टरले दाखवा तर लागत होतं. अन् काढली कोनी? आपल्यासारख्यायनंच तिचं काम खाल्लं.'

कुणीच काही बोललं नाही. त्यांनी कप चुरगाळला आणि म्हणाल्या, 'कागदी कप बरा. वेगळा ठेवा नाही लागत.'

ह्या प्रकरणात मला सांगायचं आहे ते इथे आहे. पुढच्या खुर्च्यांनी जो सिनेमा पाहिला तो 'नोकरांनी फसवलं' ह्याबद्दल होता. काहींना ते पटलं, काहींना त्यात गंमत वाटली, काहींनी श्रीमंतांनाच दोष दिला, पण सगळ्यांचा विषय फसवणूक. मागच्या रांगेत फसवणुकीवर कुणी अवाक्षर काढलं नाही. त्यांनी 'काम सुटणं' पाहिलं. एका वाक्यात, न विचारता, खोट्या कारणानं सुटणारं काम. त्यांची भीती मालकाची जेवढी, तेवढीच खालून येणाऱ्या दुसऱ्या गरजूची. डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी ह्यांनी ह्याच शहरात विदर्भ मोलकरीण संघटना उभी केली, २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, मी हे सगळं वर्गात शिकवते. पण उद्यापासून येऊ नका हे वाक्य आजही कुणालाही, कधीही, दारातूनच म्हणता येतं. कल्याण आणि भरवसा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि तो कप. काकूंच्या स्वयंपाकघरात सिंकखाली एक स्टीलचा पेला वेगळा असतो, हे स्कीममध्ये सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच कधी बोललेलं नाही. कोरियातल्या त्या घरात वास गरिबीचा आहे. आमच्या पेल्यात गरिबीसोबत आणखीही काही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी ज्या मैदानावर धम्मदीक्षा दिली ते आमच्यापासून फार लांब नाही. मावशी दरवर्षी दसऱ्याला दोन दिवस सुटी घेतात, गावाकडून पाहुणे येतात. सुटी सगळे देतात. पेला तसाच राहतो. आमच्याकडे वेगळा पेला नाही, असं मी लिहिणार होते. मग आठवलं की मावशी आमच्याकडे चहा ओट्याशी उभ्यानंच घेतात, आणि सात वर्षांत मी 'बसा' म्हटल्याचं मला आठवत नाही.

नंतर

पुढच्याच आठवड्यात नोटीस लागली: स्कीममध्ये काम करणाऱ्या सर्वांनी आधार कार्डची झेरॉक्स द्यावी. सिनेमाचा उल्लेख नव्हता. सगळ्यांनी झेरॉक्स दिल्या. मावशींनीही दिली, आणि काकूंना विचारलं की काम बंद करायचं असेल तर महिनाभर आधी सांगाल का, तेवढं लिहून द्या. काकूंना ते फार लागलं. 'इतक्या वर्षांत मी कधी असं वागले का?' असं त्या मलाही म्हणाल्या, आणि त्या तशा वागल्या नव्हत्या हेही खरं. १२ ऑक्टोबरला दसरा होता. मावशी सुटीवर गेल्या त्या काकूंकडे परत आल्याच नाहीत. आमच्याकडे येतात. मी आता 'बसा' म्हणते, त्या 'राहू द्या' म्हणतात.

चौकीदाराच्या मुलीशी मी नंतर दोनदा बोलले, रीतसर, टिपणं काढत. सिनेमा तिला आवडला होता का? 'आवडला. पण त्या बापानं शेवटी मालकाले मारलं ते आईले नाही पटलं. मले पटलं.' मालक किल्लीसाठी वाकतो, तळघरातल्या त्या माणसाच्या वासानं नाक दाबतो, आणि ड्रायव्हर सुरा उचलतो. तिथे पार्किंगमध्ये निम्मे लोक 'अरे!' म्हणाले होते, त्यांना ते कारणाविना वाटलं. तिला नाही. तिनं फोनवर शोधून आणखी एक गोष्ट मला दाखवली: ८ ऑगस्ट २०२२ला सोलमध्ये खरोखरच असा पाऊस पडला आणि एका अर्ध्या तळघरात एकाच कुटुंबातले तिघं बुडून गेले. बाहेरच्या पाण्याच्या दाबानं दार उघडलंच नाही. 'आमचं दार बाहेर उघडते की आत, तुमाले माहीत आहे?' मला माहीत नव्हतं. बाहेर उघडतं.

त्या रात्री मी कमिटीची वही काढली. इतिवृत्त मीच लिहिते, हस्ताक्षर बरं आहे म्हणून. नोव्हेंबर २०२३च्या बैठकीत, तिसऱ्या क्रमांकावर, माझ्याच अक्षरात आहे: 'चौकीदाराच्या खोलीतून दुर्गंधी येते अशी तक्रार. त्यास फिनाईल देण्याचे ठरले.' तक्रार कुणाची ते लिहिलेलं नाही. खाली सह्या आहेत, त्यात माझी चौथी.

ते पान मी पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं. शांतता झाली, मग खर्चाचा विषय निघाला, मग दोन महिने गेले. मार्चमध्ये खोलीला झरोका पाडला आणि दार आत उघडेल असं फिरवलं. नकाशात ती अजून मीटर रूमच आहे.

हे लिखाण छापायला देण्याआधी मुलीला वाचायला दिलं. माझ्याच टेबलाशी बसून तिनं पेन्सिल घेतली. एके ठिकाणी मी 'त्यांच्या खोलीचा वास' असं लिहिलं होतं, ते खोडून तिनं 'पार्किंगचा वास' केलं. पुढे ते वाक्यच मी काढलं. सिनेमाच्या शेवटी मुलगा ठरवतो की पैसे कमवून ते घर विकत घेईन, आणि दिग्दर्शकानं हिशेब सांगितला होता की साध्या पगारावर त्याला पाचशेहून जास्त वर्षं लागतील. बी.कॉम.च्या पोरीनं तेच गणित आमच्या स्कीमच्या फ्लॅटचा भाव आणि वडिलांचा पगार घेऊन मला करून दाखवलं होतं, आणि मी ते आकड्यांसकट इथे लिहिलं होतं. तिनं आधी पगाराचा आकडा खोडला. मग जरा थांबून अख्खा परिच्छेद.

'हे राहू द्या, काकू,' म्हणाली.

तो काढला आहे.